शेजारची वाटी रिकामी का परत जात नाही?

प्रश्न : आम्ही पुण्यात नव्या सोसायटीत राहायला येऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आम्ही नवरा-बायको दोघंही तापानं आडवे झालो होतो. समोरच्या काकूंशी तोवर जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नव्हती. कुणी काही सांगितलं नसताना त्यांनी रोज मुगाची खिचडी आणि कढी आणून दिली. आता त्यांचं पातेलं आणि दोन वाट्या माझ्याकडे आहेत. आई बजावते, भांडी रिकामी परत करू नकोस. नवऱ्याचं म्हणणं, साधारण तेवढ्याच किमतीची मिठाई मागवून त्यांच्या घरी पोचती करू, म्हणजे हिशेब मिटेल. भांडं रिकामं परत न करण्यामागे खरंच काही कारण आहे का? आणि एवढ्याशा खिचडीनं मला रडू का यावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आईचं ऐका. कारण मात्र आपल्याला लहानपणी सांगतात त्याहून मोठं आहे.

घरोघरी या रीतीची निरनिराळी कारणं सांगतात. रितं भांडं दुसऱ्याच्या दारात नेणं अशुभ, अन्नपूर्णा रुसते, लक्ष्मी जाते. काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकावी, तांदळाचे चार दाणे टाकावेत, पण भांडं तसंच जाऊ नये. कित्येक घरांत कारण विचारायची वेळच येत नाही. ‘बरं दिसत नाही’ एवढ्यावर भागतं. ही रीत केवळ आपलीही नाही. तुर्कस्तानात मोहरमच्या महिन्यात गहू, हरभरे आणि सुकामेवा घालून आशुरे नावाची खीर करतात आणि शेजारच्या घरांना वाट्या भरभरून पाठवतात. तिथेही आलेली वाटी रिकामी परत करणं शिष्टाचारात बसत नाही. इतक्या दूरच्या दोन मुलखांत एकच रीत दिसते, तेव्हा ती शकुन-अपशकुनाखेरीज आणखी काहीतरी काम करत असणार.

ते काम कोणतं, हे मला सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते एका आफ्रिकी उदाहरणात. लॉरा बोहॅनन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्याला नायजेरियातल्या टिव लोकांमध्ये राहायला गेल्या होत्या. त्या अनुभवावर त्यांनी १९५४ साली टोपणनावानं ‘रिटर्न टू लाफ्टर’ ही कादंबरी लिहिली. नवी बाई राहायला आली म्हटल्यावर आजूबाजूच्या बायका काही ना काही घेऊन येऊ लागल्या. कुणी मक्याची कणसं ठेवून गेली, कुणी टोमॅटो, कुणी मूठभर शेंगदाणे. याचं करायचं काय, हे बाईंना कळेना. शेवटी दोघीजणींनी त्यांना शिकवलं : प्रत्येकीला काहीतरी परत द्यायलाच हवं, पण अगदी तेवढ्याच मोलाचं नको. थोडं कमी चालेल, थोडं जास्त चालेल. काहीच परत दिलं नाही तर तुम्ही फुकटखाऊ ठराल. आणि तंतोतंत तेवढंच परत दिलं, तर त्याचा अर्थ होतो की आता आपला संबंध संपला, पुन्हा येऊ नका. डेव्हिड ग्रेबर यांनी कर्जाच्या इतिहासावरच्या २०११ सालच्या पुस्तकात हाच प्रसंग घेतला आहे. टिव बायका मूठभर भेंडी परत करायला मैलोन्‌मैल चालत जात, असं ते लिहितात. भेंडीसाठी कुणी इतकं चालत नाही. येणं-जाणं राहावं म्हणून ती चाल असते.

तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. त्यांना कुणाचं देणं ठेवायचं नाही, आणि हा स्वभाव दुकानात, बँकेत, घरभाड्याच्या व्यवहारात उत्तमच. शेजारात मात्र नेमका उलटा नियम चालतो. तिथे हिशेब मिटला की नातंही मिटतं. जपानात भेटवस्तूची परतफेड करताना साधारण निम्म्या किमतीची वस्तू द्यावी, असा संकेत आहे. टिव बायकांची भेंडी, जपान्यांची निम्मी भेट आणि आपली चिमूटभर साखर, तिन्ही ठिकाणी एकच काळजी घेतलेली आहे. परत जायला हवं, पण बरोबरी व्हायला नको. थोडं काहीतरी एका बाजूला उरलं पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी दार वाजवायला निमित्त राहतं.

आपल्या शेतकऱ्यांना हा भेद फार आधीपासून ठाऊक आहे. सावड करतात तेव्हा दोन-तीन घरं आपापले बैल आणि माणसं एकत्र करतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, आणि दिवस मोजलेले असतात. इर्जिकीची गोष्ट वेगळी. एखाद्याची नांगरट किंवा पेरणी मागे पडली, घरात आजारपण निघालं, बैल मेला, तर गावातली इतर औतं त्याच्या रानात उतरतात आणि काम उरकून टाकतात. मालकानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, बस्स. कुणाचं औत किती तास चाललं, हे कुणी मांडून ठेवत नाही. दोन्ही रीती एकाच गावात, एकाच हंगामात सुखानं नांदत. माणसं मोजायची तिथे मोजत होती आणि मोजायचं नाही तिथे मुद्दाम मोजत नव्हती. तुमच्या काकूंनी केली ती इर्जिक, आणि तुमचे यजमान तिला सावडीचा हिशेब लावू पाहताहेत.

परतफेड कशी करायची, याचं सगळ्यांत कठीण उदाहरण मर्तिकाच्या घराचं. त्या घरात चूल पेटत नाही. मग शेजारून, नातलगांकडून पिठलं-भाकरी येते, काही ठिकाणी पिठलं-भात. त्या घासाला आपण कडू घास म्हणतो. घरातल्यांना भूक नसते, तरी कुणीतरी ताट पुढे सरकवतं आणि दोन घास पोटात जातात. हे देणं फेडण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो कधी वापरावा लागू नये अशीच दोन्ही घरांची इच्छा असते. तरीही लोक ते देतात, आणि घेणारे घेतात. शेजार म्हणजे काय याची याहून पक्की कसोटी मला माहीत नाही.

आता जरा भांड्यांकडे वळू, कारण या साऱ्या व्यवहारात भांड्याचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. जुन्या पितळी, स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती. भांडी विकत घेतली की दुकानदारच विचारायचा, ‘नाव काय घालू?’ भांडी घराबाहेर जाणार, हे गृहीत होतं. लग्नाकार्याला, गणपतीला, हळदीकुंकवाला, दिवाळीत फराळाच्या ताटांबरोबर ती शेजारीपाजारी फिरत. नाव घातलेलं भांडं हे परत येण्यासाठीच घराबाहेर पडायचं, आणि परत येताना त्याच्याबरोबर माणूस यायचं. एका वाटीमुळे दोन खेपा होत : एक द्यायला, एक परत करायला. आज आपण पुष्कळदा हॉटेलच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून भाजी पाठवतो आणि वर प्रेमानं सांगतो, ‘डबा परत करायची गरज नाही हं.’ सांगणाऱ्याला वाटतं, समोरच्याचा त्रास वाचवला. वाचतो तो त्रास नाही, वाचते ती दुसरी खेप. दार दुसऱ्यांदा वाजतच नाही. माझी या सदराच्या सगळ्या वाचकांना विनंती आहे की शेजारी काही पाठवाल तेव्हा परत करावं लागेल अशा भांड्यातच पाठवा.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे सारं नुसतं गोड होईल. ही वाटी प्रत्येक दारी जात नव्हती. आपल्या गावांत आणि वाड्यांत ती जातीच्या उंबऱ्याशी थांबायची. कोरडा शिधा चालायचा, शिजवलेलं चालायचं नाही. काहींच्या हातचं पाणीही चालायचं नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणि हजारो माणसांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही आपल्याच समाजाची गोष्ट आहे. आजही आडनाव विचारून घर नाकारणारे लोक शहरात भेटतात. शेजारधर्माच्या आठवणी काढताना ती वाटी कुणाकडे गेली याबरोबर कुणाकडे कधीच गेली नाही, हेही आठवावं. जिथे ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीची चकली एकमेकांच्या घरी जातात, जिथे पाठवणारीण समोरच्यांचं खाणंपिणं ध्यानात घेऊन वेगळं काढून ठेवते, तिथे साखरेच्या चिमटीनं मोठंच काम केलेलं असतं.

तुमचा दुसरा प्रश्न : रडू का आलं? यावर अलीकडे चांगलं संशोधन झालं आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या शाखेतले अमित कुमार आणि शिकागो विद्यापीठातले निकोलस एप्ली यांनी २०२२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. एक प्रयोग शिकागोतल्या एका बागेत, बर्फावर घसरण्याच्या जागेजवळ, ऐन थंडीत झाला. ८४ जणांना गरम चॉकलेटचा पेला देऊन सांगितलं, हवं तर स्वतः प्या, हवं तर आसपासच्या कुणालाही द्या. ७५ जणांनी तो दुसऱ्याला देऊन टाकला. मग देणाऱ्यांना विचारलं, घेणाऱ्याला किती बरं वाटलं असेल? उणे ५ ते अधिक ५ अशी मोजपट्टी होती. देणाऱ्यांचा अंदाज सरासरी २.७ होता. प्रत्यक्ष घेणाऱ्यांनी सांगितलेला आकडा ३.५ निघाला. देणाऱ्याला आपण केलेलं नेहमीच थोडं वाटतं, घेणाऱ्याला ते त्याहून जास्त असतं.

असं का होतं, हेही त्यांनी तपासलं. छोटे केक घेऊन आणखी एक प्रयोग केला. काहींना प्रयोगात भाग घेतल्याबद्दल केक मिळाला, काहींना तोच केक अनोळखी माणसानं आपण होऊन दिलेला म्हणून मिळाला. केक दोघांचा सारखाच. पण दुसऱ्या गटातली माणसं अधिक खूश होती. देणाऱ्यांना मात्र हा फरक आधी ओळखता आला नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष वस्तूवर होतं. घेणाऱ्याचं लक्ष असतं ते कुणीतरी आपली आठवण ठेवली याच्यावर. तुमच्या काकू कदाचित आजही म्हणत असतील, ‘त्यात काय, खिचडी तर होती. थोडे डाळ-तांदूळ जास्त टाकले.’ त्यांच्यापुरतं ते खरंच आहे. तुम्ही मात्र खिचडी खाल्ली आणि त्याच घासाला हेही कळलं की समोरच्या दारामागे तुमच्या खोकल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे. रडू त्याचं येतं, आणि ते अगदी रास्त आहे.

याच संशोधनातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ज्यांना अशी अनपेक्षित मदत मिळाली होती, त्यांना पुढे एका खेळात तिसऱ्याच, न दिसणाऱ्या माणसाबरोबर पैसे वाटून घ्यायचे होते. त्यांनी इतरांपेक्षा मोकळ्या हातानं वाटणी केली. म्हणजे काकूंची खिचडी कुठल्या मजल्यावर जाऊन पोचेल, हे काकूंनाही सांगता येणार नाही.

तर पातेल्यात काय घालावं? महाग काही नको. घरात केलेलं असावं, पण खिचडीच्या बदल्यात खिचडी नको. थालीपिठाची भाजणी, चार नारळाच्या वड्या, गावाहून आलेली लिंबं, कुंडीतली कढीलिंबाची डहाळी, काहीही चालेल. काकूंना किंवा काकांना साखरेचा त्रास आहे का, हे आधी काढून घ्या, गोडच असलं पाहिजे असं नाही. आणि भांडी कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. दोन वाट्या आहेत ना? एक आज द्या, एक पुढच्या आठवड्यात.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे, पत्नी गेल्यापासून एकटाच राहतो. शेजारची मुलं औषधं आणून देतात, त्यांची आई अधूनमधून आमटी पाठवते. मला आवडतं, पण ओशाळायला होतं. आयुष्यभर कुणाकडून काही घेतलं नाही. आता परत काय देणार? – एक वाचक, मुंबई

उत्तर : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानावरच्या निबंधात माणसांच्या देवघेवीत तीन कर्तव्यं सांगितली आहेत : देणं, परत देणं आणि यांच्या मधलं तिसरं म्हणजे घेणं. आपण पहिल्या दोघांचा गौरव करतो आणि तिसऱ्याला कमीपणा मानतो. कुणी घेतलंच नाही, तर पहिली दोन उरतातच कुठे? तुम्ही आमटी आनंदानं घेता, तेव्हा त्या बाईंना देण्याचा आनंद मिळतो. हा आनंद किती असतो, याचा अंदाजही आपण चुकवतो. शुआन झाओ आणि वर उल्लेख केलेले एप्ली यांच्या संशोधनात मदत मागणाऱ्यांना वाटत होतं की आपण समोरच्याला त्रास देतोय. मदत करणाऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांना त्रास कमी वाटला होता आणि बरं जास्त वाटलं होतं.

परत काय देणार, असं विचारता. तुम्ही दिवसभर घरी असता, ही आजच्या शहरात फार मौल्यवान गोष्ट आहे. चाळीत शेजारच्या घराची किल्ली खुंटीला असायची. गॅसचा सिलिंडर, पोस्टमन, शाळेतून लवकर सुटलेलं पोर, नळाला आलेलं पाणी, सगळं शेजारचं घर सांभाळायचं. हे सारं करणारी माणसं बहुतेक वेळा तुमच्या वयाची असत. त्या मुलांच्या आईला सांगा, ‘किल्ली माझ्याकडे ठेवा, पार्सल मी घेईन, पोरं आली की पाणी प्यायला माझ्याकडे थांबू देत.’ ती आमटीची किंमत नव्हे. त्या घराला तुमचा आधार आहे, एवढं त्यातून पक्कं होतं.

तुमचं एकटं राहणं मी हलकं घेत नाही. म्हणूनच एक हकिगत सविस्तर सांगतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली. नेहमीच्या प्रमाणापेक्षा ७३९ माणसं जास्त मेली, आणि त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं खूप होती. एरिक क्लाइननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं पुढे त्या मृत्यूंचा कसून अभ्यास करून २००२ मध्ये ‘हीट वेव्ह’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. ऊन तेच. गरिबी आणि एकट्या वृद्धांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० माणसं दगावली आणि साउथ लॉनडेलमध्ये ४. दहापट फरक. क्लाइननबर्गला त्याचं मुख्य कारण रस्त्यावर सापडलं. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं उघडी होती, पदपथांवर वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज घराबाहेर पडत आणि लोकांच्या ओळखीची होती. एखादी व्यक्ती दिसली नाही तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. नॉर्थ लॉनडेलमध्ये दुकानं ओस पडली होती, भीतीपोटी माणसं दारं-खिडक्या बंद करून आत राहत होती, आणि आतल्या आत गेली.

१९९५ मध्येच, १७ जानेवारीला जपानमधल्या कोबे भागात भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यांखालून जे जिवंत निघाले, त्यांतल्या बहुसंख्यांना अग्निशमन दल किंवा लष्करानं नव्हे, तर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं. भूकंपाच्या केंद्राजवळच्या होकुदान या छोट्या गावात तर शेजाऱ्यांना कुठल्या घरातली आजी कुठल्या खोलीत झोपते, हे ठाऊक होतं. त्यांनी नेमकं तिथेच खणलं, आणि अडकलेल्यांचा शोध त्याच दिवशी पुरा झाला. त्या शेजाऱ्यांना ही माहिती कुणी आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात दिली नव्हती. ती रोजच्या येण्या-जाण्यातून, आजीच्या खोलीत बसून प्यायलेल्या चहातून साचलेली होती.

मुंबईकर म्हणून २६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेलच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी रात्र वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढली. अंधारात कुणाच्या दारावर थाप मारायची हे ठरवायला त्या रात्री कुणाला वेळ नव्हता. ते आधीच ठरलेलं होतं, एखाद्या वाटीभर आमटीनं.

म्हणून आमटी येऊ द्या. ओशाळू नका. आणि तुम्ही कुठली औषधं घेता, मुलगा-मुलगी परगावी असतील तर त्यांचे फोन नंबर काय, हे एका कागदावर लिहून त्या घरी देऊन ठेवा. याला उपकार मागणं म्हणत नाहीत.

प्रश्न : आमच्या टॉवरमध्ये कुणीच कुणाशी बोलत नाही. मला ओळखी हव्या आहेत, पण आपण होऊन काही द्यायला गेलो तर लोक संशयानं बघतील अशी भीती वाटते. सुरुवात कशी करावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : देऊ नका, मागा.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला एक सभासद त्यांच्या विरोधात होता. त्याच्या संग्रही एक दुर्मीळ पुस्तक होतं. फ्रँकलिन यांनी त्याच्याकडे ते काही दिवसांसाठी मागितलं, त्यानं लगेच पाठवलं, आणि आठवड्याभरात त्यांनी आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. पुढच्या भेटीत तो गृहस्थ पहिल्यांदाच आपण होऊन बोलला, आणि दोघांची मैत्री त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. अमेरिकेतल्या फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक यांच्या २००८ च्या प्रयोगांत दिसलं की किती जणांकडे मागितल्यावर कुणी हो म्हणेल, हा आपला अंदाज फार निराशावादी असतो. अंदाजाच्या जवळजवळ निम्म्याच लोकांना विचारून काम भागलं.

आपल्याकडे यासाठी विरजणाइतकं चांगलं निमित्त नाही. चमचाभर दही कुणालाही जड नसतं, नाही म्हणण्यासारखं त्यात काही नसतं. मागायला दिवेलागणीच्या आधी जा. तिन्हीसांजेला दही-मीठ घराबाहेर देऊ नये असं मानणारी घरं अजून आहेत, त्यांना अवघडायला लावू नये. वाटी घरून न्या. दही लागलं की दुसऱ्या दिवशी थोडं देऊन या आणि सांगा, ‘तुमच्या विरजणाचं छान लागलं.’ विरजण नको असेल तर शिडी, पाना, सायकलचा पंप, बरा इलेक्ट्रिशियन कोण याची चौकशी, काहीही चालेल. पहिल्या दारी कोरडं उत्तर मिळालं तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या दारी जा. मजल्यावर चार दारं असतील तर त्यांतलं एक तरी तुमच्यासारखंच कुणी आपल्याकडे यावं म्हणून थांबलेलं असतं, असा माझा ठाम विश्वास आहे.

शेवटी एक विनंती, या तिघांना आणि बाकी सगळ्या वाचकांनाही. तुमच्या मजल्यावर किंवा गल्लीत एकटं राहणारं कोण आहे, हे आजच पाहून घ्या आणि त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारचं ऊन चढलं की त्यांच्या दारावर एकदा थाप मारून या.